स्टेपनीचा रंग

माझ्या तोंडाला कुलूप नाही, हे हिंजवडीत कुणालाही विचारा, सांगतील. मी मेस चालवते. रोज दीडशे डबे जातात आणि तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येक आयटीवाल्याला मी तोंडावर उत्तर देते. "काकू, आज आमटी जरा पातळ होती." "हो का? मग उद्या कंपनीच्या कँटीनमधली घट्ट आमटी खा बरं." नवरा म्हणतो, तनुजा, एक दिवस सगळी गिऱ्हाइकं पळतील. अजून तरी एकही पळालेलं नाही.

पण एक गोष्ट अशी होती की जी मी सतरा वर्षं कुणालाही सांगितली नव्हती. नवऱ्यालाही नाही. ती सांगायची वेळ आली आमच्या आप्पांच्या पंचाहत्तरीमुळे.

आप्पा म्हणजे माझे वडील. गावात त्यांना संपतराव म्हणतात. आमच्या शेतजमिनीवर आता काचेच्या इमारती उभ्या आहेत, पण आप्पांचा आवाज अजून या बांधावरून त्या बांधावर जाईल असाच आहे. खोलीत बसून पाणी मागितलं तरी शेजारच्या सोसायटीचा वॉचमन उठून उभा राहतो. या माणसानं आयुष्यात कुणाला 'माझं चुकलं' म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. त्यांचा जीव एका वस्तूत अडकलेला, ती म्हणजे त्यांची निळी पद्मिनी. आमच्या घरात आलेली पहिली गाडी. दहा वर्षं ती पत्र्याच्या शेडमध्ये नुसती उभी होती. रोज सकाळी आप्पा तिच्या बॉनेटवर हात फिरवायचे आणि आत येऊन चहा प्यायचे.

मी ठरवलं, पंचाहत्तरीला ही गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची. आप्पांना थाप मारली की इंजिन जाम होऊ नये म्हणून मेकॅनिककडे नेते, आणि गाडी वाकडला माधवच्या गॅरेजात टाकली. माधवनं इंजिन केलं, सीटा केल्या, बॉडीला रंग दिला. चाकांपाशी येऊन मात्र त्यानं हात वर केले.

"ताई, या चाकांवर इतके थर आहेत की मी रंग मारला तर माझं नाव खराब होईल. खडकीला एक बाई आहे. चाकांचंच काम करते. कटकटी आहे, पण काम एक नंबर."

"माझ्यापेक्षा कटकटी?"

माधव जरा विचार करून म्हणाला, "जोडी जमेल."

टायर उतरवून पाचही चाकं टेम्पोत टाकली, चार गाडीची आणि एक डिकीतली स्टेपनी, आणि मी खडकीला गेले. बाजारामागच्या गल्लीत पत्र्याचं वर्कशॉप. कॉम्प्रेसर धडधडत होता. डोक्याला ओढणी गच्च बांधलेली, गळ्यात मास्क लोंबणारी तिशीतली बाई बाहेर आली. नाव मेहजबीन. तिनं पहिलं चाक उचललं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी घरी पोरांना उपाशीच ठेवते.

"कुणी मारलाय हा रंग? आणि त्याखालचा हा? आणि हा?"

"दर खंडेनवमीला आमच्याकडे गाडीची पूजा असते," मी म्हटलं. "पूजेआधी चाकांना एक हात मारतात. जो रंग उरलेला असेल तो."

"उरलेला म्हणजे?"

"म्हणजे गेटचा. टाकीचा. ट्रॅक्टरचा."

"ताई, चाकं आहेत ही. रंगपंचमी नाही."

मला राग यायला हवा होता, पण बाई आवडली. तिनं पांढऱ्या चिंधीचा बोळा थिनरमध्ये बुडवला, चाकाच्या आतल्या बाजूला, जिथं कुणाला दिसत नाही तिथं, दाबून धरला आणि मनात वीस आकडे मोजले. बोळा काढला तर तो काळानिळा, आणि खालचा रंग फुगून वर आलेला.

"बघा. सगळा ऑइलपेंट. याच्यावर स्प्रे मारला तर त्यातलं थिनर खालच्या रंगाला उठवतं. दहा मिनिटांत दुधावरच्या सायीसारखा सुरकुततो. मग कितीही भारी रंग आणा, उपयोग नाही. सगळं खरवडून लोखंडापर्यंत जावं लागेल."

सायीसारखा सुरकुतलेला रंग कसा दिसतो हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी म्हटलं, खरवडा बाई, लवकर खरवडा आणि संपवा.

पण तिनं तोवर स्टेपनी उचलली होती. त्याच थिनरचा बोळा तिथं दाबला, वीस मोजले, काढला. बोळा होता तसा पांढरा. फडक्यानं धूळ पुसली तर खालून गुळगुळीत दुधी रंग चमकायला लागला.

"हे कसं काय?" ती स्वतःशीच बोलायला लागली. मग एका वाईट चाकावर ओला सँडपेपर घेऊन तिनं रुपयाएवढी जागा घासली. काळा, निळा, पुन्हा काळा, लाल असे गोल दिसायला लागले. सगळ्यात खाली करडा प्रायमर, त्याच्यावर चंदेरी, आणि त्या चंदेरीवर चुरगळलेला दुधी. "प्रायमर तोच. दुधी तोच. एकाच माणसाचं काम आहे पाचही चाकांवर, आणि हात चांगला आहे. स्टेपनी टिकली, ही चार जळली. कारण यांच्यात मधेच हा चंदेरी आहे. प्रायमर आणि रंग यांच्या मधे हा घुसडला कुणी?"

"मेहजबीन, ते चाक इकडे दे जरा."

कोपऱ्यातून आवाज आला. मी आत आल्यापासून तिथं खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ बशीत चहा ओतून पीत बसले होते. माझं लक्षच गेलं नव्हतं. त्यांनी स्टेपनी मांडीवर घेतली, अंगठा फिरवला, चष्मा वर केला आणि माझ्याकडे बघितलं.

"संपतरावांची तनू ना तू?"

करीमचाचा होते ते. तिथं रंगाचा रिकामा डबा पालथा पडला होता, त्यावर मी बसले.

आता काय झालं होतं ते सांगते. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. करीमचाचा आप्पांचे दोस्त. आमचा पहिला ट्रॅक्टर त्यांनी रंगवला होता, आणि मग आप्पांच्या शब्दावर माण, मारुंजी, सूस, सगळीकडचे ट्रॅक्टर दसऱ्याआधी त्यांच्याकडे जायचे. त्या वर्षी आप्पांनी पद्मिनीची चाकं दुधी करायला सांगितली. दसऱ्याला सगळ्या गावासमोर गाडी काढायची, देवीला जायचं. चाचांनी अष्टमीला घरी येऊन पाचही चाकांना प्रायमर मारला आणि बजावलं, "उद्या खंडेनवमी, माझं काम बंद. परवा दसऱ्याला सकाळी येऊन रंग मारतो. तोवर कुणी हात लावायचा नाही."

दुसऱ्या दिवशी अंगणात पूजा मांडली. ट्रॅक्टर, नांगर, कोयते, विळे, सगळं धुऊन पुसून चकाचक. आणि मधे ही चार करडी, मेलेल्या रंगाची चाकं. आई जाता जाता म्हणाली, "असल्या राखेच्या रंगाला हळदकुंकू कसं लावायचं गं?" बस्स. ती म्हणाली आणि विसरूनही गेली. मी उठले, पाण्याच्या टाकीला लावून उरलेला चंदेरी ऑइलपेंट काढला आणि चारही चाकांना ब्रशनं एक हात मारला. स्टेपनी डिकीत होती, तिची पूजा नव्हती, म्हणून तिला नाही मारला. पातळ हात होता, दुपारपर्यंत वाळल्यासारखा झाला. हळदकुंकू लागलं, झेंडूच्या माळा पडल्या. आई म्हणाली, छान दिसतंय. मला काय ठाऊक, वरून वाळला तरी आतून तो रंग कच्चाच असतो!

दसऱ्याला सकाळी चाचा आले. चाकांवरची हळद त्यांना दिसली. त्यांनी विचारलं, "पूजा झाली, चांगलं झालं. पण चंदेरी कशामुळे दिसतंय? कुणी हात लावला का?"

आप्पा अंगणाच्या त्या टोकावरून गरजले, "माझ्या घरात माझ्या गाडीला हात लावायची कुणाची बिशाद हाय? पुजेचं अभ्रकबिभ्रक असंल. पूस आन मार."

मी दारातच उभी होते. मला बोलता आलं असतं. मी बोलले नाही. आप्पांनी 'बिशाद' म्हटल्यावर ती बिशाद माझीच होती हे चारचौघांत कसं सांगणार? चाचांनी आधी स्टेपनीवर रंग मारून बघितला. सुंदर बसला. ती वाळल्यावर परत डिकीत ठेवली आणि मग चार चाकांवर मारला. तोवर गावातली माणसं जमली होती. दहा मिनिटं गेली आणि चारही चाकांवरचा रंग आक्रसायला लागला. एवढा मोठा माणूस हातात रंगाची गन धरून बघत राहिला.

कुणीतरी हसलं. आप्पांना हसू म्हणजे चाबूक. ते नाही नाही ते बोलले. भेसळीचा रंग आणलास, दोस्तीत गळा कापलास, सणासुदीला माझी अब्रू घालवलीस. चाचांनी एकदा उत्तर द्यायला तोंड उघडलं, मग मिटलं. सामान भरलं आणि गेले. त्यानंतर आप्पा गावोगाव सांगत फिरले, करीमला काम देऊ नका. आप्पांचा शब्द तेव्हा चालायचा. त्याच्या पुढच्या दसऱ्याला एकही ट्रॅक्टर खडकीला गेला नाही. मी दरवर्षी म्हणायचे, आज सांगू. मग म्हणायचे, आता सांगून काय उपयोग. अशी सतरा वर्षं गेली.

आता माझ्यासमोर मेहजबीन घासलेलं चाक घेऊन उभी, आणि खुर्चीत तेच करीमचाचा. चंदेरी रंग कुणी घुसडला, हा प्रश्न अजून हवेत होता.

"मी," मी म्हटलं. "मी मारला चाचा. टाकीचा रंग होता. पूजेला बरं दिसावं म्हणून. तुम्ही विचारलंत तेव्हा मी दारात उभी होते आणि गप्प बसले." आणि मग मला रडूच फुटलं. एरवी मी रडत नाही, कांदा चिरतानाही नाही. पण त्या दिवशी ओक्साबोक्शी रडले.

चाचांनी मला रडू दिलं. मग म्हणाले, "मला ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"त्याच दिवशी कळलं. चाकांवरचा रंग आक्रसला तेव्हा मी डिकी उघडून स्टेपनी बघितली. ती चांगली होती. एकच डबा, एकच गन. म्हणजे रंगात खोट नव्हती. मग वर बघितलं तर तू दारात. तुझ्या नखांत चंदेरी रंग होता."

मला आठवलं. त्यांनी डिकी उघडली होती, आत बघितलं होतं, माझ्याकडे बघितलं होतं आणि झाकण हळूच लावलं होतं. सतरा वर्षं मला वाटत होतं की ते नुसतं सामान शोधत होते.

"मग बोलला का नाहीत? आप्पांना डिकी दाखवायची! एका मिनिटाचं काम होतं!" मी चक्क त्यांच्यावरच ओरडले. स्वतःची चूक आणि वर आवाजही माझाच.

"संपतराव त्या दिवशी कसे होते ते तू बघितलंस ना? मी डिकी दाखवली असती तर त्यांनी पहिलं विचारलं असतं, मग कुणी केलं? सगळ्या गावासमोर. एकोणीस वर्षांची पोर तू. माझी ही तेव्हा चौदाची होती." त्यांनी मेहजबीनकडे मान हलवली. "मला वाटलं, चार दिवसांनी संपतरावांचा राग उतरेल, मग एकटं गाठून सांगू. राग उतरलाच नाही. नंतर सांगितलं असतं तर बहाणा वाटला असता."

"पण तुमची काय चूक होती?"

"होती ना. चाकावर चंदेरी दिसत होतं, आणि मी माणसाला विचारलं. चाकाला विचारायला हवं होतं. थिनरचा एक बोळा फिरवला असता तर चाकानंच सांगितलं असतं. स्टेपनीवर चालला म्हणून या चारांवर चालेल, असं धरून बसलो. ज्याला रंग मारायचा त्याच्यावरच आधी बघायचं, हे मला तेव्हा कळलं. हिला पहिल्या दिवशी तेच शिकवलं."

मी त्यांच्या पाया पडले. ते "अगं अगं" करत राहिले, पण मी पडलेच. एका परक्या पोरीची लाज राखायला या माणसानं स्वतःचं नाव मातीत जाऊ दिलं होतं, आणि वर त्यातली स्वतःची चूकही शोधून ठेवली होती. माझ्या सख्ख्या माणसांनीसुद्धा माझ्यासाठी एवढं केलेलं नाही, हे मी तेव्हाही बोलले आणि आताही बोलते.

मेहजबीन मात्र पाया पडल्यानं विरघळणाऱ्यांतली नव्हती. तिनं कॉम्प्रेसर बंद केला. "त्या वर्षी घरात काम नव्हतं म्हणून माझा क्लास सुटला," ती म्हणाली. "अब्बा म्हणायचे, मंदी आहे. तर ही मंदी होती." मग चाक खाली ठेवून म्हणाली, "अब्बा सांगतील तरच मी ही चाकं करणार."

"कर," चाचा म्हणाले. "स्टेपनीला हात लावू नकोस. चार चाकं तिच्याशी जुळव."

ते काम मी बघितलं. एक दिवसाआड डबे पाठवून झाले की मी खडकीला जायचे. तिनं थर उतरवायचं औषध लावलं, खरवडलं, ब्लास्टिंग करून, म्हणजे वाळूचा मारा करून, लोखंड उघडं केलं. मी कौतुकानं हात लावायला गेले तर ओरडली, "हाताचं तेल लागतं! आणि टायर बसवल्यावर ते चमकवायचं पॉलिश आणाल तर याद राखा, त्याचा एक थेंब उडाला तरी पुढच्या वेळी रंगाला भोकं पडतात." प्रायमर मारला आणि पूर्ण वाळू दिला. मग प्रत्येक चाकाच्या आतल्या बाजूला, चारही चाकांवर वेगवेगळा, रंगाचा एक ठिपका मारला आणि एक दिवस थांबली. मी म्हटलं, अगं, एकावर बघितलंस ते पुरे नाही का? तिनं नुसतं माझ्याकडे बघितलं.

शेवटच्या दिवशी दुधी रंग चढला. काचेसारखा. चाचा म्हणाले, "आता संपतरावांना दे. माझं नाव सांगायची गरज नाही, उगाच त्यांच्या सणात खडा नको." मी हो म्हटलं. घरी जाईपर्यंत माझं ठरलं होतं की सांगायचं. पाहुणे गेल्यावर, आप्पांना एकटं गाठून सांगायचं. आप्पा माझं तोंड बघणार नाहीत कदाचित, वर्षभर तरी. बघेनात का.

पंचाहत्तरीला पंचाहत्तर दिव्यांनी ओवाळलं, पेढ्यांनी तुला केली, आणि मग मी पद्मिनी अंगणात आणली. आप्पा उठून उभेच राहिले. त्यांचा आवाज गेला. आमच्या आप्पांचा! गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, चाकांपाशी वाकले. भाऊबंद जमले. एकजण म्हणाला, "चाकं काय झाल्यात राव! असलाच रंग मारायचा व्हता नव्हं तुमाला त्या दसऱ्याला?"

झालं. आप्पांना आवाज सापडला. "मंग! पर त्या खडकीच्या करीमनं भेसळीचा रंग आणला आन..."

चाकांचा विषय निघाला की आप्पा ही गोष्ट सांगतातच. मी ती शंभर वेळा खाली मान घालून ऐकली आहे. त्या दिवशी नाही ऐकवली.

"आप्पा, भेसळ नव्हती. तो रंग मी नासवला."

"काय बोलतीस?"

मी सगळं सांगितलं. टाकीचा रंग, ब्रश, पूजा, दारात उभं राहणं. पन्नास माणसांसमोर. मग मी डिकी उघडली. "ही स्टेपनी बघा. ही त्याच दिवसाची, त्याच डब्यातली. हिच्यावर मी काही लावलं नव्हतं. आणि बाकीची चार तुम्ही बघताय, ती करीमचाचांच्या मुलीनं केलीत."

आप्पांनी स्टेपनीवर अंगठा घासला. एकदा, दोनदा. रंग हलला नाही. मला वाटलं, आता गरजतील. त्यांनी डिकी लावली, आत गेले आणि जेवायलाही बाहेर आले नाहीत. आई मला म्हणाली, "आजचाच दिवस मिळाला का तुला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला माझ्या दारात आप्पा. पांढरी टोपी, इस्त्रीचा सदरा. "गाडी काढ. खडकी."

कंपन्यांच्या बसगाड्यांमधून वाट काढत आम्ही पोचलो तेव्हा मेहजबीन शटर वर करत होती. चाचा खुर्ची बाहेर मांडत होते. आप्पा त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि सुरू केलं ते कमरेवर हात ठेवूनच.

"सतरा वरसं गप बसलास? तोंड नव्हतं का तुला?"

"होतं की," चाचा म्हणाले. "तुम्ही ऐकलं असतंत का, संपतराव?"

आप्पांनी विचार केला. खरंच केला, मी बघत होते. "नसतं ऐकलं," ते म्हणाले, आणि त्यांचे हात कमरेवरून खाली आले. "चुकलं माझं, करीम. लई चुकलं."

चाचांनी त्यांचा हात धरला आणि बसवलं. मेहजबीननं चहा सांगितला. मला वाटलं, झालं, मिटलं. पण आप्पांनी खिशातून जुनी फोनची डायरी काढली.

"तनू, फोन लाव. मारुंजीपासनं सुरू कर."

"कशाला?"

"ज्यांना ज्यांना मी सांगितलं, त्यांना. तुझ्यासाठी नाय, करीम. तुला सांगून झालं. त्यांना सांगायचं हाय."

मी फोन लावला. स्पीकर सुरू करायची गरजच नव्हती, आप्पांचा आवाज गल्लीच्या टोकाला जात होता. "संपत बोलतोय. करीमचा रंग चांगला व्हता. मी खोटं बोललो." पलीकडचा माणूस गोंधळलेला. "कुठला रंग? कोण करीम? बरे हायसा ना?" "आठवत नसंल तरी ऐकून घे!" मग दुसरा फोन, तिसरा. एकाला आठवलं, तो म्हणाला जाऊ द्या आता. आप्पा म्हणाले, जाऊ कसं देऊ?

"बस झालं हो, संपतराव," चाचा म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते.

"गप रे. मी सांगत फिरलो तवा तू आडवा आलास का? मंग आता कशाला येतोस?"

पुढचं नाव माणच्या भैरूतात्यांचं. मी थांबले. "आप्पा, तात्या तर दोन वर्षांपूर्वी गेले."

"म्हाईत हाय मला. त्याच्या पोराला लाव."

साईनाथनं फोन उचलला. आप्पांचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला. "साईनाथ, तुझ्या बापानं खडकीच्या करीमला ट्रॅक्टर द्यायचं बंद केलं, ते माझ्या सांगण्यावरनं. ते खोटं व्हतं. भैरू तसंच समजून गेला. त्याला सांगायचं राहून गेलं रं. तवा तू ऐकून घे." मग साईनाथ म्हणाला, "ऐकलं, आप्पा." करीमचाचांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसायला घेतला. मेहजबीन त्यांच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली होती, तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. कॉम्प्रेसर तिनं अजून सुरूच केला नव्हता.

आप्पांनी पान उलटलं. सूसचं नाव होतं. मी नंबर लावला, आणि घंटा वाजायला लागल्यावर फोन त्यांच्यापुढे धरायचा तो धरला नाही.

"थांबा आप्पा," मी म्हटलं. "हा मी बोलते."

पलीकडून हॅलो आलं.

"मी हिंजवडीच्या संपतरावांची तनुजा. करीमचाचांचा रंग चांगला होता. नासवला मी, आणि त्यांनी माझं नाव सांगितलं नाही."